नाताळची बिअर चाखायची कशी : मराठवाड्यातल्या नवख्यांसाठी

छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात देशातल्या बड्या बिअर कंपन्यांचे कारखाने आहेत. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, तेव्हा याच कारखान्यांच्या पाण्यावरून गदारोळ उठला आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांचं पाणी टप्प्याटप्प्याने साठ टक्क्यांपर्यंत कापायला लावलं. म्हणजे बिअरशी आपलं नातं जुनं, आणि जरा ताणलेलंही. तरी बिअर चवीने पिणारा माणूस आपल्याकडे शोधावा लागतो. इथे बिअर म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हावरचा उतारा. बिअर शॉपीतून साडेसहाशे मिलीची स्ट्राँग घ्यायची, 'चिल्ड आहे ना?' एवढंच विचारायचं आणि गार आहे तोवर संपवायची.

उन्हाळ्यात ते चालून जातं. पण नाताळच्या सुट्टीत पुण्याहून आलेला भाऊ किंवा मित्र क्राफ्ट बिअरचे, म्हणजे छोट्या ब्रुअरीत बनलेल्या बिअरचे, चार टिन घेऊन येतो, ते त्याच सवयीने रिचवले जातात आणि 'काळी आहे, कडू आहे, पैसे पाण्यात' असा निकाल लागतो. हिवाळी बिअरला सवयीच्या बरोबर उलटं वागवावं लागतं. थोडी घ्यायची, कमी गार घ्यायची, सावकाश घ्यायची. पुढे जे काही लिहिलंय ते सगळं या तीन गोष्टींसाठीच.

नाताळची बिअर म्हणजे नेमकी कुठली?

तिची ठरलेली पाककृती नाही. युरोपात थंडीत प्यायला म्हणून जरा दाट, गडद आणि चढी बिअर करायची जुनी रीत आहे, तिचीच ही पिलावळ. फ्रिज नव्हते तेव्हा बिअर कधी करायची हे हवामान ठरवायचं. बव्हेरियात तर १५५३ च्या फर्मानाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करायलाच बंदी होती, कारण उकाड्यात ती नासायची. शरदात नवं धान्य हाती आलं की गाळायला सुरुवात, आणि त्यातली चांगली बिअर सणापर्यंत मुरायची. नॉर्वेच्या मध्ययुगीन गुलाटिंग कायद्यात तर नाताळसाठी घरोघरी एल (बिअरचाच एक जुना प्रकार) गाळणं सक्तीचं होतं. न गाळणाऱ्याला दंड!

आजची काही नावं माहीत असलेली बरी. डेन्मार्कात टुबोर्ग कंपनी 'युलेब्रिग' नावाची नाताळची बिअर काढते. नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी रात्री ८ वाजून ५९ मिनिटांनी ती बाजारात येते आणि तो दिवस तिथे जवळपास सणासारखा साजरा होतो. 'झामिक्लाउस' मूळची स्वित्झर्लंडची, आता ऑस्ट्रियात बनते. वर्षातून एकदाच, ६ डिसेंबरला, म्हणजे संत निकोलसच्या दिवशी ती गाळतात, मग दहा महिने मुरवतात. तिच्यात अल्कोहोल १४ टक्के. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५ पासून दरवर्षी नवी पाककृती आणि लेबलवर नवं झाड अशी ख्रिसमस एल काढली. २०२३ मध्ये त्या ब्रुअरीने काम थांबवलं. बेल्जियमच्या नाताळ-बिअरी बऱ्याचदा ९-१० टक्क्यांच्या, सुकामेव्याच्या वासाच्या.

आपल्याकडे अन्नसुरक्षा नियमांनुसार स्ट्राँग बिअर म्हणजे ५ ते ८ टक्के. त्यामुळे १४ टक्क्यांच्या गोष्टी वाचायला ठीक. प्रत्यक्षात तुमच्या हाती येतील त्या पुण्या-मुंबईच्या छोट्या ब्रुअऱ्यांच्या हिवाळी बिअरी: काळ्या, भाजलेल्या चवीच्या स्टाउट आणि पोर्टर, गोडसर जर्मन पद्धतीची डंकेल किंवा बॉक, बेल्जियन पद्धतीची डबल, आणि दालचिनी-संत्र्याची साल घातलेली एखादी मसाला एल. नवख्याने यातल्या दोन प्रकारांवर भर द्यावा असं माझं मत आहे: एक स्टाउट आणि एक बेल्जियन. बाकीच्या ओळखी आपोआप होतात. आयपीए ही हॉप्सची (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांची) कडू बिअर सध्या फॅशनमध्ये आहे, पण पहिल्याच बैठकीत तिच्या नादी लागू नका.

पहिली पायरी : परवाना, तारीख, माणसं

महाराष्ट्रात बिअरसाठी वय किमान २१ पूर्ण लागतं आणि पिण्याचा परवाना लागतो. हे ऐकून आपल्याकडे लोक हसतात, पण कायदा तसा आहे. एक दिवसाचा परवाना पाच रुपयांत दुकानातच मिळतो. वर्षाचा शंभराला आणि आजन्म हजाराला, राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून. बाटल्या घेऊन प्रवास करणार असाल तर परवाना आणि बिल दोन्ही खिशात असू द्या. नांदेड-देगलूरकडच्या मंडळींना हैदराबाद जवळ पडतं आणि तिथे मायक्रोब्रुअऱ्याही भरपूर. तिथे जाऊन प्या, पण येताना डिकीत टाकून आणू नका. परराज्यातली दारू विनापरवाना आणणं गुन्हा आहे आणि सणासुदीला नाके कडक असतात.

तारखेचं जरा पंचांग बघून ठरवा. डिसेंबर म्हणजे बहुतेक मार्गशीर्ष. गुरुवारी निम्म्या घरांत घट मांडलेला असतो, त्या दिवशी बोलावलं तर कोणी येणार नाही आणि घरातल्या बायकांचा रोष ओढवेल तो वेगळाच. दत्तजयंतीही याच महिन्यात. लातूर-धाराशिवकडे येळवस असते, त्या दिवशी सगळं गाव शेतात. शनिवारची संध्याकाळ सगळ्यांत सोयीची.

शेजारी ख्रिस्ती कुटुंब असेल तर नाताळच्या शुभेच्छा द्यायला जाताना बाटली नेऊ नका. मराठवाड्यातली मिशनच्या परंपरेतली कित्येक घरं दारूला शिवत नाहीत. तिथे फराळाचं ताट मिळतं, करंज्या-चकल्या-शंकरपाळ्यांचं, ते खाऊन या.

माणसं चार ते सहा पुरेत. त्यात एक न पिणारा असावाच. तो गाडी चालवेल हे झालंच, पण वास ओळखण्याच्या खेळात तो हमखास जिंकतो, कारण रात्रभर त्याचं नाक शाबूत असतं.

दुसरी पायरी : बिअर आणणं

२००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली आणि राज्यात मायक्रोब्रुअरीची लाट आली. पुढे इंडिपेंडन्स, एफिंगट, ग्रेट स्टेट एलवर्क्स अशी नावं त्यात मिळाली. संभाजीनगरहून पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन दिवस मोडतो. मुंबईला वंदे भारतने जाता येतं. अशा ठिकाणी गेलात तर पूर्ण ग्लास मागवू नका, सॅम्पलर मागा. चार-सहा छोट्या ग्लासांचा ट्रे येतो. 'सीझनल काय आहे?' असं विचारलंत की फळ्यावर नसलेलीही एखादी बिअर पुढे येते. नळावर डिसेंबरपुरतीच असलेली बिअर बहुतेक वेळा त्या ब्रुअरच्या हौसेची असते, ती आधी चाखा.

जवळच्या मोठ्या वाइन शॉपमध्ये क्राफ्टचे टिन मिळाले तर घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघा.

तारीख. टिनच्या बुडाला किंवा लेबलवर पॅकिंगची तारीख असते. हॉप्सच्या बिअरी तीन महिन्यांच्या आतल्याच घ्या. गडद आणि चढ्या बिअरी जरा जुन्या चालतात.

जागा. काचेच्या शोकेसमध्ये उन्हात मांडलेली बाटली कितीही देखणी असली तरी नको. प्रकाशाने हॉप्समधल्या घटकांची मोडतोड होते आणि बिअरला कुबट, घाणेरडा वास येतो. हिरव्या आणि पांढऱ्या बाटलीत हे लवकर होतं, तपकिरीत उशिरा, टिनमध्ये होतच नाही. आपल्याकडच्या उन्हाचा विचार करता टिन बरा.

टक्केवारी. इथे थोडं गणित करू. ८ टक्क्यांची ६५० मिलीची बाटली म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीचा ३० मिलीचा एक छोटा पेग म्हणजे साधारण १३ मिली. एक स्ट्राँग बाटली म्हणजे चार पेग झाले. 'बिअरच तर आहे' म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवा. चाखायच्या बैठकीत माणशी १०० मिलीच्या चार किंवा पाच ओतण्या पुरतात. सहांतले पाच पिणारे धरले तर ५०० मिलीचा एक टिन एका फेरीला बरोबर होतो.

ब्रुअरीतून ताजी बिअर बाटलीत भरून मिळाली असेल तर ती फिल्टर केलेली नसते, तिच्यातलं यीस्ट जिवंत असतं. घरी येईतो गार ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. थर्टी फर्स्टसाठी म्हणून चोवीस तारखेला आणून ठेवणं हा तिचा अपमान आहे.

तिसरी पायरी : नाक तयार करणं

यावर लोक वेळ घालवत नाहीत, आणि खरी मजा इथेच आहे. बिअरची चव म्हणून आपण जे सांगतो त्यातलं बरंचसं वासातून येतं. नवख्याला वास येतो, पण त्याला नाव सापडत नाही. नावं स्वयंपाकघरात आहेत.

दुपारी मसाल्याचा डबा उघडून बसा. लवंग, दालचिनी, जायफळ, चक्रीफूल, सुंठ एकेक करून हुंगा. येसरचा डबा असेल तर तोही. मग खजूर, काळे मनुके, गूळ आणि काकवी. त्यानंतर तव्यावर करपलेला भाकरीचा पापुद्रा, भाजलेल्या शेंगदाण्याचं टरफल, कॉफी पावडर. एवढं झालं की निम्मी शब्दसंपत्ती हातात आली. परदेशी पुस्तकांत प्लम, मोलॅसिस, टॉफी असं लिहिलेलं असतं. आपल्याला काकवी माहीत आहे, ती लिहावी.

मग हा प्रयोग करा. साधी, सौम्य लागर घ्या, माइल्ड म्हणून मिळते ती. चार ग्लासांत थोडी थोडी ओता. एकात लवंग ठेचून दहा मिनिटं ठेवा, दुसऱ्यात पाव चमचा काकवी, तिसऱ्यात कोऱ्या कडक कॉफीचे काही थेंब, चौथा तसाच. डोळे मिटून ओळखायला सांगा. हसण्यावारी सुरू होतं, पण पुढच्या वेळी स्टाउट नाकाशी धरली की तिसरा ग्लास आठवतो.

आणि एक गंमत. बिअरमध्ये लवंगेचा वास आला म्हणजे लवंग घातली असेलच असं नाही. गव्हाच्या जर्मन बिअरीत आणि बऱ्याच बेल्जियन बिअरींत लवंगेचा आणि पिकल्या केळ्याचा वास यीस्टच तयार करतं. कॉफी-चॉकलेटचा वास भाजलेल्या सातूतून येतो, खजूर-काकवीचा खरपूस केलेल्या माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातून. खरा मसाला घातलेली बिअर ओळखू येते ती घशाशी: दालचिनी-सुंठेची ऊब मागे रेंगाळते. मसाला फार घातला असेल तर मात्र बिअर बाजूला राहते आणि चहाचा मसाला पितोय असं वाटतं. अशा बिअरींची नाताळात चलती असते. लेबलवर सांताक्लॉज मोठा असेल तितका मी सावध होतो.

येळवशीची अंबिल ज्यांना आवडते त्यांना आंबट बिअरी लगेच जमतात, असं माझं निरीक्षण. ज्वारीच्या पिठाचं आंबलेपण जिभेला ओळखीचं असतं, त्यामुळे 'ही नासलीय' अशी पहिली प्रतिक्रिया येत नाही.

चौथी पायरी : ग्लास आणि गारवा

स्टीलचा पेला नको, रंग दिसत नाही. प्लॅस्टिकचा तर नकोच. वाइनचा ग्लास किंवा पोट मोठं, तोंड लहान असा कुठलाही काचेचा ग्लास उत्तम, कारण वास त्यात कोंडून राहतो. नसेल तर साधा पातळ काचेचा ग्लास एक तृतीयांशच भरा.

ग्लास स्वच्छ आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. तो ओला करून आत चिमूटभर मीठ भुरभुरवा. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर ठीक, मध्ये मोकळे डाग दिसले तर तिथे तेलकटपणा आहे. भांड्यांच्या त्याच घासणीने ग्लास घासला की हे होतं, आणि असा ग्लास फेस मारतो. वेगळ्या, नव्या स्क्रबरने धुवा, भरपूर पाण्याने खंगाळा, पालथा घालून सुकवा. फडक्याने पुसू नका.

गारव्याचं म्हणाल तर फ्रिजमधली बिअर साधारण ४-५ अंशांवर असते. लागरला ते चालतं. गव्हाची बिअर थोडी वर, ६-७ ला. स्टाउट, पोर्टर १० च्या आसपास. बॉक, बेल्जियन, मसाला एल अशा चढ्या बिअरी १० ते १३ ला. फार गार बिअरीत वास उठत नाही आणि जीभही बधिर होते. स्वस्त स्ट्राँग 'चिल्ड'च का विकावी लागते ते यातून समजून घ्या. थर्मामीटर लागत नाही: गडद बिअर प्यायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी फ्रिजबाहेर काढा. परभणीकरांना तर तेवढीही गरज नाही. पारा दहाच्या खाली जातो त्या दिवसांत संध्याकाळी टिन पाण्याच्या बादलीत घालून गच्चीवर ठेवले की जेवणाच्या वेळेला हव्या तशा होतात.

ओतताना ग्लास तिरका धरा, कडेने ओता, शेवटच्या भागात सरळ करा म्हणजे वर बोटभर फेस येईल. फेस टाळू नका. 'फेस नको, माल भर' ही परमिट रूमची शिकवण इथे उपयोगाची नाही, वास त्या फेसातूनच वर येतो.

पाचवी पायरी : चाखणं

क्रम हलक्याकडून जडाकडे. आधी गव्हाची किंवा लागर, मग डंकेल किंवा बॉक, मग बेल्जियन, शेवटी स्टाउट किंवा मसाला एल. रंगावर जाऊ नका: काळी स्टाउट साडेचार टक्क्यांची असू शकते आणि सोनेरी बेल्जियन आठची. टक्का आणि कडूपणा बघून क्रम लावा. लेबलवर आयबीयू असेल तर तो कडूपणाचा आकडा. साध्या लागरचा दहा-पंधराच्या घरात, आयपीएचा पन्नास-साठ किंवा त्याहून जास्त.

एक स्टाउट घेऊन बघू. ग्लास ट्यूबलाइटसमोर धरा. काळी दिसते, पण तळाशी, काच निमुळती होते तिथे, लालसर तांबूस कड दिसेल. फेसाचा रंग बघा, तो पांढरा नसतो, दुधाळ चहाचा असतो. फेस बसताना काचेवर जाळी सोडत गेला तर ग्लास स्वच्छ आहे आणि बिअरही ठीक आहे. आता ग्लास हलकेच गोल फिरवा, नाक आत घाला, दोन छोटे श्वास घ्या. लांब श्वास घेऊ नका, नाक थकतं. पहिल्यांदा काय येतं? कॉफी? करपलेली भाकरी? मग ग्लास खाली ठेवा, इतरांना बोलू न देता एक शब्द कागदावर लिहा. बोलू न देणं महत्त्वाचं. एकाने मोठ्याने 'चॉकलेट' म्हटलं की सगळ्यांना चॉकलेटच येतं.

मग घोट. मोठा घ्या, चमचाभर नको, आणि तोंडात सगळीकडे फिरू द्या. पुढे गोडसर, मध्ये भाजलेलं, मागे कडू असा प्रवास होईल. घोट गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. इथे दुसरा वास येतो आणि पुष्कळदा तो पहिल्याहून वेगळा असतो. अंगाला जाड वाटली की पातळ, फसफस जास्त की कमी, गिळल्यावर चव किती वेळ राहिली, घशात ऊब आली का, हे लिहा. पाच मिनिटांनी, बिअर जरा कोमट झाल्यावर, पुन्हा एक घोट घ्या. चांगली हिवाळी बिअर या दुसऱ्या घोटाला उघडते. वाईट असेल तर तिचा दोषही इथेच उघडा पडतो.

वाइन चाखणारे थुंकतात, बिअरवाले सहसा नाही. गिळल्यावर मागे रेंगाळणारा कडूपणा हाही चवीचाच भाग, म्हणून गिळतात. दोन बिअरींच्या मध्ये पाणी प्या आणि कोरी पोळी किंवा साधा पाव चावा.

नासकी की मुद्दाम तशी?

नवख्याची मोठी अडचण ही. आवडली नाही म्हणजे आपल्याला कळत नाही की बिअरच खराब आहे? काही वास सरळ दोषाचे आहेत. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर जुनी झाली, हवा लागली. सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचा, लोण्याचा वास बहुतेक घाईने उरकलेल्या किण्वनाचा. उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास माल्टचा अर्क नीट न उकळल्याचा किंवा संसर्गाचा. कच्च्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर अजून कोवळी आहे. स्टाउट व्हिनेगरसारखी आंबट लागली तर परत करा. ब्रुअरीत बसला असाल तर शांतपणे सांगा, चांगल्या ठिकाणी ग्लास बदलून देतात.

धुराचा वास मात्र दोष समजू नका. जर्मनीत बांबेर्ग गावी लाकडाच्या धुरावर माल्ट वाळवून बिअर करतात. तिथली श्लेंकर्ला ब्रुअरी नाताळसाठी ओकच्या धुरावरच्या माल्टची खास डॉपेलबॉक (बॉकचाच जास्त चढा प्रकार) काढते, ८ टक्क्यांची. हुरड्याच्या आगटीजवळ बसलेल्या माणसाला तो वास परका वाटणार नाही. आपल्याकडे एखाद्या ब्रुअरने स्मोक्ड पोर्टर केली असेल तर सोडू नका.

चकणा

तळलेली मसाला चणाडाळ, वर कांदा-लिंबू, ही सवय बैठकीपुरती बाजूला. लिंबाचा वास नाकातून अर्धा तास जात नाही. चाखणं संपेपर्यंत फक्त पाव-पोळी, त्यानंतर जेवणासोबत जोड्या लावायच्या.

हुरडा ऐन नाताळात सुरू होतो. गुळभेंडीचा कोवळा हुरडा गोडसर असतो, त्याच्यासोबत गव्हाची बिअर छान जाते. पण हुरड्याबरोबर लसणाची किंवा कारळाची झणझणीत चटणी असते, आणि तिखटाला हॉप्सचा कडूपणा आणि जास्त अल्कोहोल दोन्ही भडकवतात. ठेच्यासोबत आयपीए म्हणजे आगीत तेल. तिखटाला गोडसर माल्टची डंकेल किंवा बॉक शांत करते. (ज्याच्या शेतात हुरडा खायला जाताय त्याला आधी विचारा. पुष्कळ शेतांवर बांधावर देव असतो आणि तिथे बाटली उघडलेली चालत नाही.)

संभाजीनगरचा नान खलिया आणि डंकेल किंवा बेल्जियन डबल ही जोडी मला सगळ्यांत आवडते. खलियाचा तवंग बिअरची फसफस कापते आणि मसाल्याला माल्टचा खरपूस गोडवा धरून राहतो. धाराशिव जिल्ह्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याचा पेढा आणि स्टाउट, हे ऐकायला विचित्र वाटतं. करून बघा. भाजलेल्या खव्याची गोडी आणि स्टाउटचा कडूपणा एकमेकांना सांभाळतात. प्लम केकसोबत मसाला एल सगळेच देतात, पण दोन्हीकडे तोच मसाला असल्यामुळे मला ते कंटाळवाणं होतं. केकला पोर्टर द्या. खारी चकली कशाशीही जाते.

क्राफ्ट मिळालीच नाही तर

बीड-हिंगोलीकडे ही अडचण येणारच. मग गरम बिअर करा. पोलंडमध्ये थंडीत बिअर मसाला आणि मध घालून गरम पितात. कडूपणा कमी असलेली बिअर घ्या, कारण तापवल्यावर कडूपणा वाढल्यासारखा लागतो. गडद लागर किंवा गव्हाची मिळाली तर उत्तम. अर्ध्या लिटरला दालचिनीचा बोटभर तुकडा, तीन लवंगा, आल्याच्या दोन चकत्या, संत्र्याची थोडी साल (आतला पांढरा भाग काढून), दोन चमचे गूळ. मसाले आधी अर्धी वाटी पाण्यात उकळून घ्या, मग गॅस बारीक करून बिअर हळूहळू ओता, ती फसफसून वर येते. वाफ दिसू लागली की उतरवा, उकळू नका.

घरी जाताना

रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर मोटार वाहन कायद्याने पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २४, २५ आणि ३१ डिसेंबरला गेली काही वर्षं सरकार बारना पहाटेपर्यंत परवानगी देतंय, तेव्हा तपासणीही तितकीच असते. तालुक्याच्या गावी रात्री अकराला रिक्षा मिळत नाही, म्हणून बैठक ज्याच्या घरी त्याच्याकडे अंथरुणांची सोय आधी बघा. दातांसाठी किंवा पोटासाठी मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या चालू असतील तर त्या माणसाने फक्त वास घ्यावा. त्या गोळीवर अल्कोहोल घेतल्यास उलट्या आणि धडधड होऊ शकते. मधुमेही, गर्भवती यांनीही हुंगण्यापुरतंच.

उघडलेली बिअर झाकून ठेवून सकाळी पिण्यात अर्थ नाही, फेस गेलेला असतो. ती स्वयंपाकात घाला. भज्यांच्या पिठात पाण्याऐवजी लागर घातली तर भजी कुरकुरीत होतात, जराशी फसफस उरली असेल तर अधिकच. स्टाउट उरली असेल तर मटणाचा कांदा-मसाला परतून झाल्यावर पेलाभर घाला आणि दहा मिनिटं उघडं शिजू द्या. आयपीए मात्र रश्श्यात घालू नका, आटली की नुसता कडूपणा उरतो आणि अख्खं पातेलं वाया जातं.